गाणं आधी पोचतं

(शताब्दी सोहळ्यात अमेरिकेहून आलेल्या नाट्यरसिकांच्या वतीने केलेलं भाषण)



आम्ही अमेरिकेतल्या न्यू जर्सीहून आलो आहोत. आमची नाटक कंपनी नाही, संस्थाही नाही. आम्हाला ना अध्यक्ष, ना खजिनदार. आम्ही दहा-बारा घरांतली माणसं. महिन्या-दोन महिन्यांनी एकत्र जमून संगीत नाटक पाहायला जातो, मग ते मराठी असो की इंग्रजी, आणि परतीच्या गाडीत त्यावर भांडतो. खरं सांगायचं तर नाटक हे निमित्त, भांडण हाच मुख्य कार्यक्रम.

आमच्यातल्या एक वहिनी तुमच्यातल्या आहेत. इथे मॉरिशसमध्ये वाढल्या, लग्न होऊन न्यू जर्सीला आल्या. त्यांच्यामुळेच हे आमंत्रण आलं. निघताना त्यांनी बजावलं, "तिथे जाऊन मोठं भाषण ठोकू नका. गाडीत जे बोलता तेच बोला." तेव्हा आम्ही गाडीतलंच बोलणार आहोत.

पण त्याआधी एक कबुली दिली पाहिजे. काल आम्ही पोर्ट लुईला आप्रवासी घाटाच्या त्या सोळा पायऱ्या चढलो. तुमचे पणजोबा-खापरपणजोबा त्या पायऱ्या चढले ते करारावर अंगठा उठवून, उसाच्या मळ्यात राबायला. आमचे आईवडील अमेरिकेला गेले ते 1965 च्या नव्या कायद्यानंतर, विमानानं, हातात डिग्री घेऊन. मनात आलं की परत यायची सोय होती. त्यामुळे "आपण सगळे सारखेच" असं म्हणायला जीभ रेटत नाही. तुमच्या लोकांनी ज्या हाल-अपेष्टांत गाणी जपली, त्याची बरोबरी आम्ही करू शकत नाही. आम्ही आलो आहोत ते एक गोष्ट विचारायला आणि एक सांगायला.

आता आमच्या गाडीबद्दल. शनिवारी दुपारी मेट्रोपार्क स्टेशनवर आम्ही जमतो. डब्यात कुणाच्या तरी हातचे बटाटेवडे असतात. आगगाडीनं न्यू यॉर्कच्या पेन स्टेशनला उतरायचं आणि चालत टाइम्स स्क्वेअरला जायचं. तिथे त्याच दिवसाच्या उरलेल्या तिकिटांची सवलतीची खिडकी आहे. रांगेत उभं राहायचं, जे मिळेल ते बघायचं. त्या भागात ब्रॉडवेची चाळीसएक नाट्यगृहं आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी संगीत नाटकं चालू असतात. तिथे चाललं तर एकेक नाटक वर्षानुवर्षं चालतं. 'फँटम ऑफ द ऑपेरा' हे 1988 साली लागलं आणि 2023 साली उतरलं, तेव्हा त्याचे 13,981 प्रयोग झाले होते. आमच्यातल्या कित्येकांचं लग्न, मुलं, मुलांचं कॉलेज एवढ्या काळात उरकलं.

आमचं पहिलं आणि कायमचं भांडण असं. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "यांना गाता येत नाही. गाणं सुरू झालं म्हणता म्हणता संपतं." तरुण मंडळी म्हणतात, "तुमच्या नाटकात गाणं सुरू झालं की गोष्टच थांबते. नायिकेला निरोप आलाय, ती घाईत आहे, आणि ती वीस मिनिटं आलाप घेत उभी!"

दोघांचंही खरं आहे. अमेरिकेत 1943 साली 'ओक्लाहोमा' आलं, त्यानंतर तिथे असा दंडक पडला की गाण्यानं गोष्ट पुढे सरकली पाहिजे. गाणं काढलं आणि गोष्ट तशीच राहिली, तर ते गाणं कच्चं. आपल्याकडे उलट. बालगंधर्वांच्या नाटकाला लोक गोष्ट ऐकायला जात नव्हते, गोष्ट सगळ्यांना पाठ होती. 'वन्समोअर' मिळत राही, तेच पद पुन्हा होई, रात्र उलटून जाई आणि कुणाची तक्रार नसे. आमचे एक काका म्हणतात, "गोष्ट थांबते म्हणूनच गाणं ऐकू येतं." यावर आमच्यातली एक मुलगी, तिथेच जन्मलेली, म्हणाली, "काका, मग 'कट्यार काळजात घुसली'चं काय? तिथे गाणं हीच गोष्ट आहे." पोरीनं नाटक पाहिलेलं नव्हतं, 2015 चा सिनेमा पाहिला होता. पण मुद्दा बिनतोड होता. दोन घराण्यांची चुरस गाऊनच दाखवायची, तर गाणं थांबवून कसं चालेल? 1967 साली दारव्हेकरांनी लिहिलेलं, अभिषेकीबुवांच्या चालींचं आणि वसंतराव देशपांड्यांनी गाजवलेलं ते नाटक त्या दिवशी एका सोळा वर्षांच्या मुलीनं आमच्याच अंगावर टाकलं. काका रॅहवे स्टेशन येईपर्यंत गप्प होते.

आम्ही हे भांडण मोलाचं मानतो, कारण ते आपल्या रंगभूमीच्या परंपरेतलंच आहे. 1921 साली मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. एका बाजूला भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व, दुसऱ्या बाजूला धैर्यधर म्हणून केशवराव भोसले. दोन वेगळ्या कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर! दोघांचेही चाहते कडवे. कोण सरस, यावर तेव्हापासून वाद चालू आहे आणि अजून मिटलेला नाही. रसिक भांडतात तोवर नाटक जिवंत असतं. सगळे माना डोलवून "छान, छान" म्हणत घरी जायला लागले की समजावं, प्रकरण कठीण आहे.

दुसरं भांडण शुद्धतेचं. आमच्यातले काही म्हणतात, संगीत नाटक आपलं आहे, त्यात परकं काही नको. त्यांना आम्ही इतिहास ऐकवतो. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्याची प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या खेळांची. त्यात गाणी सगळ्या पात्रांच्या वतीनं सूत्रधारच म्हणायचा. त्याच 1843 साली, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. त्यांनी पुण्यात पारशी मंडळींचा संगीत खेळ पाहिला, आणि 31 ऑक्टोबर 1880 रोजी 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं. पात्रं आता आपापलं गाणं आपणच गाऊ लागली. चाली कुठल्या? कीर्तनातल्या, लावणीच्या, बायकांच्या ओव्यांच्या, कानडी पदांच्या. पुढे साथीला ऑर्गन आला, तो तर थेट विलायतेहून. म्हणजे ज्याला आपण अस्सल म्हणतो, ते चार घरचं मागून आणलेलं आणि मग आपल्या फोडणीचं झालेलं आहे.

हे तुम्हाला आम्ही काय सांगणार? इथल्या मराठी घरात सेगाही वाजतो. आणि 1880 च्या आधी जे कोकणातून जहाजात चढले, त्यांनी 'शाकुंतल'चं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांच्याबरोबर आलं ते दशावतार, भजन आणि जाखडी, तुम्ही जिला झाकरी म्हणता ती. पुण्या-मुंबईच्या नाटकांचा इतिहास लिहिणारे या लोकांना हिशेबात धरत नाहीत. पण गाऊन, नाचून गोष्ट सांगणारं मराठी नाटक समुद्रापार आधी कुणी नेलं असेल, तर ते तिकीट काढून आलेल्या आमच्यासारख्यांनी नाही, तुमच्या माणसांनी नेलं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तो भाषेचा आहे.

आमच्या मुलांना मराठी कळतं, पण बोलायला जीभ वळत नाही. काहींना कळतही नाही. "आजीला थँक यू सांग" एवढ्यावर व्यवहार चालतो. मग ती पोरं गणेशोत्सवात नाट्यपद म्हणतात ते कसं? रोमन लिपीत लिहून घेऊन, घोकून. आम्हा काहींना याची फार लाज वाटायची. पोपटपंची वाटायची.

2018 साली आमच्यातले चौघे न्यू यॉर्कला एक जुनंच नाटक नव्यानं पाहायला गेले. 'फिडलर ऑन द रूफ'. रशियातल्या एका खेड्यातला गरीब ज्यू दूधवाला, त्याच्या लग्नाच्या मुली, आणि शेवटी गावच सोडून जायची वेळ. 1964 साली हे ब्रॉडवेवर इंग्रजीत आलं आणि त्याचे 3,242 प्रयोग झाले. पण मूळ गोष्टी लिहिल्या होत्या शोलेम अलेखेम यांनी, यिडिश भाषेत. 2018 चा प्रयोग त्या यिडिशमध्ये होता. नाट्यगृह मॅनहॅटनच्या टोकाला, ज्यूंच्या वारसा संग्रहालयात. तिथून समोर पाण्यात एलिस आयलंड दिसतं. 1892 ते 1954 या काळात एक कोटी वीस लाखांवर माणसं त्या बेटावरून अमेरिकेत शिरली. त्यांचा तो आप्रवासी घाटच म्हणा.

गंमत अशी की त्या प्रयोगातल्या बहुतेक नटांना यिडिश बोलता येत नव्हती. त्यांनी ती नाटकासाठी, उच्चार घोकून शिकली. प्रेक्षकांतही फार थोड्यांना येत होती. बाजूला पडद्यावर इंग्रजी आणि रशियन अक्षरं उमटत होती. आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते त्या अक्षरांकडे बघत नव्हते. मध्यंतरात आम्ही विचारलं, "तुम्हाला भाषा येते?" ते म्हणाले, "नाही. आजी बोलायची." आणि रुमाल काढला.

काही आठवड्यांचा म्हणून ठरलेला तो खेळ पुढे दुसऱ्या नाट्यगृहात गेला आणि 2020 च्या जानेवारीपर्यंत चालला. त्या रात्री परतीच्या गाडीत आमचं भांडण झालं नाही. कुणी बोललंच नाही.

नंतर 2025 च्या वसंतात 'बुएना व्हिस्ता सोशल क्लब' पाहिलं. क्युबातल्या वयस्कर कलावंतांची गोष्ट. संवाद इंग्रजीत, पण गाणी सगळी स्पॅनिशमध्ये, भाषांतर न करता. स्पॅनिश न येणारे शेकडो लोक खुर्चीत बसून ठेका धरत होते. त्याच मोसमात 'मेबी हॅपी एंडिंग' गाजत होतं. ते आधी कोरियात, सोलमध्ये 2016 साली झालेलं. ब्रॉडवेवर आलं आणि 2025 चं सर्वोत्तम संगीत नाटकाचं टोनी पारितोषिक घेऊन गेलं. दोन मोडीत निघालेल्या यंत्रमानवांची प्रेमकथा. आमच्या काकांना ती मुळीच पटली नाही. "यंत्राला कसलं प्रेम," म्हणाले. पण त्यातल्या एका यंत्रमानवाकडे एक कुंडीतलं रोप आहे, त्याचं नाव 'ह्वाबून'. कोरियन भाषेत ह्वाबून म्हणजे फुलाची कुंडी. इंग्रजी प्रयोगातही त्यांनी ते नाव तसंच ठेवलं. बाहेर पडताना सगळं थिएटर त्या रोपाबद्दल बोलत होतं. काकासुद्धा.

तिथून आमच्या डोक्यात एक बेत शिरला. गणेशोत्सवात 'सौभद्र' करायचं. 1882 चं नाटक, किर्लोस्करांचंच. बलराम बहिणीचं लग्न दुर्योधनाशी ठरवतो, ते कृष्ण हळूच मोडतो आणि संन्याशाच्या वेषातल्या अर्जुनाशी जुळवतो. आमच्या मुलांना ही गोष्ट फार आवडली. घरच्यांनी ठरवलेलं लग्न देवच मोडतो म्हटल्यावर आवडणारच. आम्ही ठरवलं, नाटक दीड तासाचं करू, संवाद इंग्रजीत, पदं सगळी मराठीत.

काका उभे राहिले. म्हणाले, "इंग्रजीत कृष्ण? मग नाताळात करा." आणि निघून गेले. तालमींना आले नाहीत. पेटीही तेच वाजवायचे, ती त्यांच्या घरी. आम्हाला त्यांचं म्हणणं चूक वाटत नव्हतं, हीच अडचण होती. आज संवाद गेले, उद्या पदं जातील, परवा फक्त मोदक उरतील. ही भीती आम्हालाही होती. तरी आम्ही तालमी चालू ठेवल्या, कारण दुसरा पर्याय म्हणजे नाटकच न करणं हा होता.

त्या तालमी आमच्याच एका घराच्या तळघरात होत. एका रविवारी मुलं दमली होती, तेव्हा तुमच्याकडच्या वहिनी म्हणाल्या, "मी एक म्हणू?" आणि त्यांनी लहानपणी शिकलेली झाकरी म्हटली, टाळ्यांच्या ठेक्यावर, फेर धरून. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, 'इरलं'. मुलांनी विचारलं, इरलं म्हणजे काय? वहिनी म्हणाल्या, "माहीत नाही. मला लहानपणी वाटायचं, ते कुणाचं तरी नाव आहे. आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, तिच्या आजीनं सांगितलं नाही."

आमच्यातही पुण्या-मुंबईकडच्यांना तो शब्द कळला नाही. पण त्या दिवशी एकांच्या आई आल्या होत्या, मूळच्या चिपळूणकडच्या, ऐंशीच्या घरातल्या. त्या कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगो, इरलं म्हणजे लावणीच्या वेळी पावसात पाठीवर घेतात ते. बांबूच्या कामट्या आणि वर पानं. वाकून भात लावताना हात मोकळे राहतात." आणि उठून, वाकून, पाठीवर हात घेऊन दाखवलं.

वहिनी खालीच बसल्या. भाताच्या खाचरात पावसात वाकलेली एक बाई त्यांच्या घराण्यात चार-पाच पिढ्या गाण्यात उभी होती, आणि ती बाई आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. तो शब्द त्यांनी अर्थाशिवाय जपला, म्हणून आज त्याला अर्थ मिळाला. कुणी म्हटलं असतं, "कळत नाही तर कशाला म्हणायचं, सोडून द्या," तर त्या आजींच्या शेजारी बसूनही विचारायला काही उरलं नसतं.

आमच्या मनातली ती लाज त्या दिवशी गेली. आम्हाला इतकंच उमगलं की समुद्र ओलांडताना गाणं आधी पोचतं, अर्थ मागून येतो. पण तो आपोआप येत नाही. त्याला आणायला कुणीतरी बंदरावर जावं लागतं, आणि अर्थ सांगणारी माणसं हयात आहेत तोवरच जावं लागतं.

'सौभद्र'चा प्रयोग एका शाळेच्या सभागृहात झाला. पेटीऐवजी कीबोर्ड होता, अर्जुनाची दाढी दुसऱ्या अंकात निम्मी सुटली, आणि तरीही लोक बसून राहिले. सुभद्रा झालेल्या मुलीला एका पदाला 'वन्समोअर' मिळाला. तिला ते माहीतच नव्हतं. ती घाबरली, तिला वाटलं काहीतरी चुकलं. विंगेतून सांगावं लागलं, "अगं, पुन्हा म्हण!" काका शेवटच्या रांगेत बसले होते, हे आम्हाला नंतर कळलं. जाताना दाराशी त्या मुलीला एवढंच म्हणाले, "तुझा ळ नीट नाही." आम्हाला वाटलं, झालं, पोरगी आता पुन्हा गाणार नाही.

पुढच्या रविवारी काका पेटी घेऊन तळघरात हजर. तासभर फक्त ळ. बाळ, कमळ, आभाळ, सकाळ. त्यांना इंग्रजीतला कृष्ण अजूनही मान्य नाही. ते भांडण चालू आहे आणि चालू राहावं. पण ते आता पेटीसमोर बसून भांडतात.

मंडळी, आम्ही सुरुवातीला म्हटलं होतं, एक गोष्ट विचारायची आहे. तुमच्या घरोघरी, वाड्यांवर, गणपतीच्या रात्री ज्या झाकऱ्या आणि भजनं होतात, त्यांत असे किती शब्द आहेत ज्यांचा अर्थ आता घरात कुणाला सांगता येत नाही? त्यांची आम्हाला यादी द्याल का? अर्थ कळत नाही म्हणून तो शब्द बदलू नका, गाळू नका, ऐकू येतो तसाच लिहा. आम्ही तो आमच्या आजी-आजोबांपुढे ठेवू, गुहागर, राजापूर, सावंतवाडीकडच्या ओळखीच्यांना विचारू. काही शब्दांना उत्तर मिळेल, काहींना नाही. ज्यांना मिळणार नाही तेही गात राहा.

तरुण मुलामुलींना आमचं सांगणं वेगळं आहे. मराठी बोलताना अडखळता म्हणून रंगमंचापासून लांब राहू नका. संवाद क्रेओलमध्ये करा, फ्रेंचमध्ये करा, जे जिभेवर आहे त्यात करा. गाणं मात्र मराठीत म्हणा, आणि म्हणण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला त्याचा अर्थ विचारा. त्याला माहीत नसेल तर तसं लिहून ठेवा. तीही एक नोंद आहे.

आणि नाटक झाल्यावर भांडा. "छान झालं" म्हणून घरी जाऊ नका. कोण सुरात होतं, कुणाची दाढी सुटली, कुठलं पद गाळायला नको होतं, यावर रात्री उशिरापर्यंत बोला. आमच्या अनुभवात, पुढच्या वर्षीच्या नाटकाची तालीम तिथेच सुरू होते.

तुमच्याकडच्या वहिनींनी आम्हाला दिलेली वेळ संपली आहे. त्या समोर बसून घड्याळ दाखवत आहेत. आज रात्री तुमची झाकरी बघायला आम्ही थांबणार आहोत. पहिल्या रांगेत नको, मागे बसवा. मागे बसून बोलता येतं.